सत्तरावे अक्षर

सिकलसेल हा शब्द वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांपासून अकोल्याच्या वस्त्यांपर्यंत तो घराघरांत उच्चारला जातो, आणि बहुधा हळू आवाजात. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणींचीच अपेक्षा असावी. परंतु त्या लिहिणारे पुष्कळ आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. तरीही आपल्या संगणक कक्षात पाहिलेल्या एका लहानशा कृतीविषयी येथे लिहितो, कारण तिचा संबंध आपल्या लोकांच्या रक्ताशी आहे आणि, माझ्या मते, इतिहासाशीही आहे.

वसतिगृहातील मुलांची सिकलसेल तपासणी झाली त्या वर्षी अहवाल नेण्यास आलेल्या एका मातेने मला विचारले, "सर, हे आमच्याच लोकाइत काहून हाय जी?" मी बोलण्याआधीच शेजारी उभ्या असलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी उत्तर देऊन टाकले, की तो त्या जातीचाच आजार आहे. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. पण हेच अधिक विचार करण्यासारखे आहे. एखाद्या समाजाविषयी इतके मोठे विधान इतक्या सहज केले जाते आणि ते कोठे लिहिले आहे, हे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांचे ग्रंथ वाचून वाढलेल्या माणसाला ही सवय खपत नाही. विधान करायचे तर ग्रंथ, अध्याय, ओळ दाखवावी लागते.

ती ओळ दाखवली आपल्या एका माजी विद्यार्थ्याने. तो अमरावतीला जैवमाहितीशास्त्र शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आला आणि नववीच्या मुलांना घेऊन जुन्या लिनक्स यंत्रासमोर बसला. मीही मागच्या बाकावर होतो. रक्तातील हिमोग्लोबिनचा बीटा नावाचा भाग ज्या जनुकावरून घडतो, त्याची संदेशप्रत त्याने आणली होती. ती साध्या मजकुराची फाइल असते. या प्रकाराला फास्टा म्हणतात. पहिली ओळ शीर्षकाची, तिच्या आरंभी मोठेपणाचे गणिती चिन्ह. खाली ए, टी, जी, सी या चारच अक्षरांचा अखंड मजकूर. या प्रतीत अशी 628 अक्षरे आहेत आणि छपाईच्या सोयीसाठी ती सत्तर-सत्तरच्या ओळींत तोडलेली आहेत.

प्रथिन घडवण्याचा मजकूर एकावन्नाव्या अक्षरापासून सुरू होतो. तेथून तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, असे वाचत जायचे. सातवा शब्द जी-ए-जी. त्याची जागा 69 ते 71. या शब्दातील मधल्या ए च्या जागी टी आला की जी-टी-जी होते, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, आणि प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सगळा आजार एवढाच: 628 पैकी सत्तरावे अक्षर.

मुलांना त्याने सांगितले, ते अक्षर काढून दाखवा. स्थानावरून मजकूर कापण्याची आज्ञा 'कट' या नावाची आहे. तिला सी ही खूण आणि क्रमांक द्यायचा. मुलांनी 69 ते 71 असे दिले, तर पडद्यावर एक शब्द नव्हे, तुकड्यांची रांग उतरली. 'कट' प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे मोजते, तिला पुढच्या ओळीशी कर्तव्य नसते. आणि आपला शब्द तर नेमका ओळीच्या तुटीवर आहे! जी आणि ए पहिल्या ओळीच्या शेवटी, उरलेला जी दुसरीच्या आरंभी. म्हणून आधी 'ग्रेप' या आज्ञेने शीर्षक वगळायचे, मग 'टीआर' या आज्ञेने ओळींच्या शेवटची न दिसणारी खूण पुसून सर्व मजकूर सलग करायचा आणि त्यानंतरच कापायचे. या तिन्ही आज्ञांच्या मध्ये उभी रेघ घालतात. एकीतून निघालेले दुसरीत जाते. आमच्याकडच्या मुलांना हे जिनिंगच्या उदाहरणाने लगेच कळले. कापूस आत जातो, सरकी बाजूला पडते, रुई पुढे जाते, शेवटी गाठ बांधली जाते. क्रम बदलला तर सरकीसकट गाठ बांधली जाईल.

जी-ए-जी ही तीन अक्षरे पडद्यावर आली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका यंत्रावर मात्र जी-ए आणि पुढे रिकामी जागा आली. ती फाइल विंडोजमधून उतरवलेली होती, आणि तेथे ओळीच्या शेवटी आणखी एक अदृश्य खूण असते. ती पुसली नाही तर पहिल्या ओळीनंतरचे प्रत्येक स्थान सरकत जाते. मला आठवला तो आमच्या दाखलखारीज रजिस्टरचा अनुभव. एका कार्यालयात एका मुलाच्या आजोबांची नोंद उतरवताना खालच्या ओळीतली जात वर लिहिली गेली आणि त्या कुटुंबाने दोन वर्षे खेटे घातले. न दिसणाऱ्या एका चुकीने माणसाची जागाच बदलते.

मोजणी कोठून करायची, हाही प्रश्न आहे. जुन्या पुस्तकांत सिकलसेलचा बदल सहाव्या स्थानी सांगितलेला आढळतो, नव्या लेखनात सातव्या. दोन्ही खरे आहेत. प्रथिन पूर्ण होताना आरंभीचे मेथिओनिन गळून पडते. व्हर्नन इंग्रॅम यांनी 1956-57 मध्ये हा फरक शोधला तेव्हा तयार प्रथिन हाती होते, जनुकाचा मजकूर नव्हता. म्हणून गणना पुढच्या घटकापासून झाली. संपूर्ण अकराव्या गुणसूत्राची सुमारे साडेतेरा कोटी अक्षरांची फाइल घेतली, तर हेच अक्षर एका आवृत्तीत 52,48,232 व्या स्थानी आणि पुढच्या आवृत्तीत 52,27,002 व्या स्थानी येते. शिवाय हे जनुक तेथे उलट दिशेने लिहिलेले असल्याने ए च्या जागी त्याचा जोडीदार टी दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल नाही. आवृत्ती न सांगता पृष्ठांक देणे हा आमच्यातही अपराधच.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येतो. फाइलमध्ये जात नाही. हेच अक्षर आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीस आणि सिसिलीतही बदललेले सापडते. जेथे हिवतापाने शतकानुशतके माणसे मारली, तेथे एकाच पालकाकडून हा बदल मिळालेली मुले अधिक जगली. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये हे दाखवले. मेळघाटातील कोरकूंत ते आहे, आपल्या बौद्ध समाजात आहे, आणि विदर्भातील इतर समाजांतही आढळते. मग ते काही समाजांतच इतके दाट का राहिले? कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात असल्याचे मांडले होते. सिकलसेलचे मूळ रक्ताच्या रेणूत आहे, याचे त्या वेळी कोणाला ज्ञानही नव्हते. बरोबर शंभर वर्षांनी, 2016 मध्ये, पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संशोधकांनी भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विशेषतः उच्चवर्णीय समूहांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी आपसांतील मिश्रण एकाएकी थांबल्याचे त्यात दिसले. (सत्तर हा आकडा येथे पुन्हा येतो तो केवळ योगायोग, मुलांनी त्यात गूढ शोधू नये.) अक्षर निसर्गाने बदलले. त्याला कुंपण घातले ते माणसांनी.

त्या मातेला मी हेच, अर्थात साध्या शब्दांत, सांगितले. तिची मुलगी केवळ वाहक आहे, आजारी नाही, हेही सांगितले. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता आजारी मूल होण्याची असते. एकच वाहक असला आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताही दोष नसला तर आजारी मूल होत नाही. म्हणून लग्न ठरण्यापूर्वी पत्रिका नव्हे, हा अहवाल पाहावा. आपल्याकडे बुद्ध विहारात मंगल परिणय लागतात, पण अहवाल लपवण्याची रीत अजून सुटलेली नाही. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. त्यात आपले नाव यावे म्हणून कोणी बोलावण्याची वाट पाहू नये.

आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. ती फाइल संगणक कक्षातल्या तिसऱ्या यंत्रावर अजून आहे. समारंभाच्या दिवशी दुपारी कक्ष उघडा राहील. आता दहावीत गेलेली तीच मुले तेथे असतील. ज्यांना पाहायचे त्यांनी यावे आणि सत्तरावे अक्षर स्वतः मोजून काढावे.