आजारपणातला पगार

नाशिकच्या सिडकोत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. नवरा रिक्षा चालवतो, मी डबे देते. अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेली, चार-चार जणांत खोली करून राहणारी मुलं हे माझं गिऱ्हाईक. कोणी बीडचा, कोणी जळगावचा, कोणी थेट बिहारचा. रिक्षाच्या पैशांतून घरभाडं आणि रिक्षाचा हप्ता जायचा. किराणा, मुलीची फी आणि बचत गटाचा हप्ता डब्यांवर निघायचा. तेव्हा माझी कमाई ही घराची वरकमाई कधीच नव्हती. अर्धं घर तिच्यावर चालत होतं.

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न पैशांचाच आला. कॅन्सर म्हणजे होतं-नव्हतं ते विकायची वेळ, असंच आम्ही ऐकत आलो होतो. उपचारांपुरतं तरी तसं झालं नाही, हे आधीच सांगते, कारण या भीतीने अजूनही कितीतरी बायका गाठ अंगावर काढतात. माझं ऑपरेशन, केमो आणि नंतरचा रेडिएशनचा शेक महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाला. ही योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. २०२३ च्या निर्णयानंतर मर्यादा पाच लाखांची झाली आणि योजना सगळ्याच कार्डांना खुली झाली. योजनेतल्या रुग्णालयात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटलं तरी चालेल, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

नातेवाइकांच्या आग्रहाखातर परळच्या टाटा रुग्णालयातही दाखवून आले. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडला पकडायची आणि दादरला उतरायचं. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे, फक्त रुग्णालयाचा दाखला लागतो. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. तिथे टाटाला आलेली महाराष्ट्रभरची, परराज्यांतली माणसं महिनोन् महिने राहतात. टाटाच्या डॉक्टरांनी कागद पाहून हेच उपचार नाशिकला घ्या म्हणून सांगितलं. आज नाशिकमध्ये ऑपरेशन, केमो, शेक या तिन्ही सोयी आहेत. घरी राहून उपचार घेता आले, हा मोठाच आधार होता.

मग पैसे गेले कुठे? योजनेत नाव बसण्याआधी आजार कागदावर सिद्ध व्हावा लागतो, आणि तोवरचा खर्च आमच्याच खिशातून गेला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी, त्यावरची पुढची तपासणी, स्कॅन. त्यात माझी पाटली गहाण पडली. पुढे केमोच्या आधीची रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी वाढवणारं एखादं बाहेरून आणलेलं इंजेक्शन, अंडी, फळं, जाण्यायेण्याचा खर्च असं चालूच राहिलं. मला घेऊन जायचं असेल त्या दिवशी नवऱ्याची रिक्षा रुग्णालयाच्या दाराशी उभी, म्हणजे तो दिवस कोरडा. तरीही हे सगळं कसंबसं निभावलं असतं. घर बसलं ते डबे बंद पडल्यामुळे.

पहिल्या केमोचं औषध लाल रंगाचं. ते चढवलं की पुढचे काही दिवस फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. दुसरं औषध दर आठवड्याचं. त्याने उलट्या कमी झाल्या, पण बोटं बधिर झाली आणि नखं काळी पडली. पोळी मी आयुष्यभर बोटांनीच उलटत आले. तवा किती तापला हे बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. ते कळणंच गेलं. एकदा करपल्याचा वास आला म्हणून पाहिलं, तर पोळी ठीक होती, माझंच बोट तव्याला टेकलेलं होतं. त्यात ऑपरेशनच्या वेळी उजव्या काखेतल्या गाठीही काढलेल्या. त्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, चटका लागू द्यायचा नाही, काही कापू द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. चटका आणि चिरणं चुकवून स्वयंपाक कसा करायचा? परातभर कणीक मळली की हात संध्याकाळी टम्म व्हायचा. शेवटी उजव्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या.

दुसरा फटका लोकांच्या बोलण्याचा बसला. डबे थोडे दिवस बंद राहतील, पुन्हा सुरू करीन, असं मी मुलांना सांगितलं होतं. अंगात त्राण आल्यावर निम्मे डबे सुरूही केले. पण त्यांच्या एका घरमालकिणीने, त्या बाईला कॅन्सर आहे, तिच्या हातचं कशाला खाता, असं मुलांच्या कानांवर घातलं. कॅन्सर हातातून, भांड्यातून, अन्नातून कोणाला होत नाही. तरी पाच-सहा मुलं एकदम गेली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. मेस लावली, एवढंच कळवलं. बीडचा एक मुलगा मात्र दारात येऊन म्हणाला, "काकू, माझा डबा बंद करू नका. पोळ्या कमी द्या, भात जास्त द्या, पण तुमच्याच हातचं द्या." त्याचे उपकार मी विसरणार नाही.

नात्यातही हेच. एका घरी माझ्यापुढे चहा कागदी कपात आला, बाकीच्यांना स्टीलच्या कपबशा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डोक्यावर रुमाल, भुवया गेलेल्या आणि उजवा हात मोकळा, अशी मी गेले. कुंकू लावणाऱ्या बाईचा हात क्षणभर थांबला. कपाळावर की नको, असा तो विचार मला स्पष्ट दिसला. दुसरीकडे मुलीच्या लग्नाची काळजी तिसऱ्यालाच. आईला आहे म्हणजे मुलीला होणार, असं माझ्या सासूबाईंना कोणीतरी सांगून गेलं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं की आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर शंभरातले पाच ते दहा असतात. मुलीने तपासणी वेळेवर करावी, त्यासाठी तिचं लग्न अडायचं कारण नाही. सासूबाईंना ते पटलं. त्यानंतर कोणी विषय काढला की उत्तर त्याच द्यायच्या.

केमोच्या खोलीत सातपूरच्या एका कंपनीतली बाई शेजारच्या खाटेवर असायची. वय माझ्याएवढंच, आजार तोच, औषध तेच. ती ईएसआयच्या कागदांवर आली होती. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ही विमा योजना आहे. पगारातून थोडे पैसे कापले जातात, जास्तीचे मालक भरतो. कॅन्सरसारख्या ठरावीक मोठ्या आजारांत, दोन वर्षं सलग नोंदणी आणि पुरेसा भरणा असेल, तर घरी बसूनही रोजंदारीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. तिच्या खात्यात ते पैसे येत होते. मुलांची शाळा बदलली नाही, दागिना गहाण पडला नाही. आजाराचा त्रास तिलाही माझ्याएवढाच होता, पण महिनाअखेरीची धास्ती तिला नव्हती.

मी मग माझ्यासारखीला काय मिळतं ते शोधलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरचे रुग्ण बसतात आणि महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे कंपनीतल्या बाईला महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असला तरी आजारपणात आधार आहे, आणि डबे देणारीच्या घरात वर्षाला २१ हजारांहून जास्त आले की ती निराधार ठरत नाही. नाशिकमध्ये रिक्षा चालवून कोणाचं घर वर्षाला २१ हजारांत चालतं?

आमचं घर पुन्हा उभं राहिलं ते बचत गटाच्या बायकांमुळे. माझा हप्ता त्यांनी आपसात भरला. मग दोघी माझ्याकडे येऊन पोळ्या लाटू लागल्या, पोळीमागे पैसे ठरवून. भाजीचा अंदाज, मीठ-मसाला, हिशेब आणि गिऱ्हाईक मी सांभाळते. आता रोज घ्यायची हार्मोनची गोळी चालू आहे, ती स्वस्त आहे. गेलेल्या मुलांच्या जागी नवी आली. मला काय झालं होतं ते मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. ज्याला नको त्याने तेव्हाच जावं.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यात डबे देणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या, घरी शिलाई करणाऱ्या किती असतील, याचा विचार करा. यांच्यातली बहुतेक कोणी ईएसआयमध्ये नाही. सरकारने उपचारांचा खर्च उचलला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. त्याच योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याची ठरावीक रक्कम बाईच्या खात्यात जमा व्हायला हवी, आणि निराधार योजनेतली उत्पन्नाची अट आजच्या महागाईला धरून बदलायला हवी. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल, तर तिचं काम बंद करू नका. तिच्याकडून डबा घ्या, शिवण तिच्याकडेच टाका, कामवाली असेल तर सुट्टीच्या दिवसांचे पैसे कापू नका. आणि हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवा.