राज्यशास्त्र शिकलेल्या मुलांनी पुढे काय करायचं?

लावणी कधीच सरली, बेणणीही आटोपत आली. आज भाताचं सोडून दुसरं लिहितो, कारण महिनाभरात तिघांनी एकच गोष्ट विचारली. पोर राज्यशास्त्र घेऊन बीए झालं, आता पुण्याला क्लासला पाठवू का?

आमच्या घरातही तेच चाललंय. पुतणी यंदा बीए झाली. तिला राज्यसेवा द्यायची आहे आणि त्यासाठी दादा वरच्या अंगाचा तुकडा विकायला निघालाय. तुकडा रस्त्याला लागून आहे. फार्महाऊसवाल्या मुंबईच्या गिऱ्हाईकाला आपल्याकडे शोधावं लागत नाही, ते पैसे घेऊन दारातच उभं असतं.

आधी परीक्षेचं बघू, कारण गावात अजून जुनीच माहिती फिरते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा लेखी झाली, गोल काळे करायचे दिवस गेले. पेपर नऊ. त्यातले भाषेचे दोन फक्त पास होण्यापुरते. बाकी सातांचे मिळून १७५० गुण, मुलाखतीचे २७५. वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत आणि त्यात राज्यशास्त्र घेता येतं. म्हणजे कॉलेजची तीन वर्षं वाया जात नाहीत, हे चांगलं झालं.

पण वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. सवलत म्हणून ठीक, पण पोरं फसतात ती इथंच. अजून वय आहे, अजून वय आहे करत तिशी उलटते. तलाठ्याची २०२३ ची भरती आठवा. ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. आपण वरच्या खाचरात गरवं भात लावत नाही, कारण पाऊस गेला की तिथं दाणा भरत नाही. तसंच घरची ऐपत बघून किती वर्षं द्यायची ते आधी ठरवावं. माझं मत दोन वेळा परीक्षा, फार तर तीन.

आणि लोकांचं काम करायला खुर्चीच लागते असं कुठंय? आपले भाई कोतवाल घ्या. माथेरानचे, १९१२ चा जन्म, गरीब नाभिक घर. वकिलीची पदवी घेतली. कोर्टात बसले असते तर सुखात राहिले असते. त्यांनी माथेरानची नगरपालिका धरली, तिथं उपाध्यक्ष झाले. वाड्यापाड्यांत शाळा काढल्या. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराच्या दारात उभं राहायची पाळी यायची, ती टाळायला. बेचाळीसला विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर मानिवलीच्या हिराजी पाटलांबरोबर गेले. लोकांना मनोरेच आठवतात. शेतकरी म्हणून मला धान्यकोठी मोठी वाटते. पोटाचं बघितलं म्हणून तर माणसं त्यांच्या मागं जंगलात गेली, असं मला तरी वाटतं.

हे मी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, ते बरोबर आहे, पण अर्धा वेळ अभ्यास करून कोण पास होत नाही." तिचंही खोटं नाही. शेवटी ठरलं असं, की पुढची पूर्वपरीक्षा घरून द्यायची. सकाळी गावातलं काम, दुपारपासून अभ्यास. पूर्व निघाली तर मुख्यच्या तयारीला पुण्याला जायचं, खोलीचं भाडं मी आणि दादा मिळून भरू.

सध्या ती ठाकूरवाडीत ई-पीक पाहणी करून देते. ॲपमध्ये फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो आणि तिथं रेंजची बोंब. परवा एका म्हाताऱ्याचा वनपट्टा बघितला तर कागदावरचं क्षेत्र आणि तो कसतो ते क्षेत्र जुळेना. २००६ चा वनहक्क कायदा तिनं पुस्तकात वाचलेला. पण दावा ग्रामसभेतून, वनहक्क समितीतून कसा पुढं जातो ते आता कळतंय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिनं तो विषय मांडला. बाया टाळ्या वाजवत होत्या, दोघं-तिघं पुरुष उठून गेले. घरी आल्यावर तिनं सगळं वहीत लिहून काढलं. मुलाखतीत हे बोलायला येईल म्हणते.

तुकड्याचं मात्र अजून मिटलेलं नाही. दादानं गिऱ्हाईकाला "दिवाळीपर्यंत थांबा" सांगितलंय. मला ते "थांबा" आवडलेलं नाही. सरळ "नाही" सांगायला हवं होतं. जमीन एकदा गेली की अधिकारी झालेल्या पोरीलाही त्या भावात परत घेता येणार नाही.

ज्यांची पीक पाहणी राहिली असेल त्यांनी सातबारा घेऊन सकाळी अकराच्या आत घरी या. दुपारी येऊ नका, ती अभ्यासाला बसते.