नाहीं म्हणण्याचें धैर्य

आमच्या कोल्हापुरास उजळाईवाडीचा विमानतळ झाला तो राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं. वडील सांगत कीं, त्या काळीं आकाशांत घरघर झाली म्हणजे हातांतलीं कामें टाकून सारें घर अंगणांत धांवे. मात्र विमान ही आम्हीं खालून पाहावयाची वस्तु. तें चालवावयाचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. तें गेल्या महिन्यांत आलें. माझ्या कैलासवासी बंधूंचा धाकटा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठीं निवडला गेला आणि त्यानें वायुदल मागितलें. पालकाच्या संमतीचा कागद वहिनींनीं माझ्यापुढें ठेवला. "भावोजी, हें साहसाचें वेड आहे. तुम्हीच त्याला नाहीं म्हणा."

तेव्हां मीं त्यांना त्याच प्रबोधिनींतून गेलेल्या एका मराठी अधिकाऱ्याची हकीकत सांगितली.

अनिल यशवंत टिपणीस हे १९६० सालीं वायुदलांत अधिकारी झाले. लढाऊ विमानें चालवीत, एकेक पायरी चढत ते ३१ डिसेंबर १९९८ रोजीं वायुसेनाध्यक्ष झाले. पांच महिने होतात न होतात तोंच कारगिलचा प्रसंग उभा राहिला. घुसखोर सोळा-सोळा हजार फूट उंचीच्या शिखरांवर ठाण मांडून बसले होते. स्थलसेनेनें शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरें मागितलीं. अशा वेळीं 'आतांच पाठवितों' म्हणणें किती सोपें, आणि किती शोभिवंत! टिपणीसांनीं तसें म्हटलें नाहीं. तेथील विरळ हवेंत हेलिकॉप्टरचें बळ घटतें आणि खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राला तें सहज सांपडतें, हें त्यांनीं सांगितलें. शिवाय वायुदल उतरविणें म्हणजे युद्धाची व्याप्ति वाढविणें. त्याला सरकारची अनुज्ञा हवी, असा आग्रह धरला. स्थलसेनेच्या प्रमुखांना ही दिरंगाई वाटली; त्या मतभेदाची चर्चा पुढें कित्येक वर्षें चालली.

२५ मे १९९९ रोजीं अनुज्ञा मिळाली, पण नियंत्रणरेषा न ओलांडण्याच्या अटीवर. २६ तारखेस हल्ले सुरू झाले. २७ तारखेस दोन विमानें गेलीं. २८ तारखेस एक हेलिकॉप्टर पाडलें गेलें व त्यांतील चौघेहि मृत्युमुखीं पडले. तेव्हां हेलिकॉप्टरें हल्ल्यांतून काढून घेण्यांत आलीं, विमानें अधिक उंचीवरून नेण्यांत आलीं, आणि २४ जून रोजीं मिराज विमानांनीं लेसरच्या साहाय्यानें टायगर हिलवर अचूक बाँब टाकले. २००१ च्या अखेरीस टिपणीस निवृत्त झाले.

टायगर हिलविषयीं वहिनींनीं कांहींच विचारलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "धोका आधींच ठाऊक होता, तरी ते चौघे गेलेच ना?"

गेलेच. ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. घरचा कर्ता पुरुषहि कितीदां योग्य तें सांगतो, तरी घडावयाचें तें घडतें. आणि घडलेल्याचा भार पुन्हा त्याच्याच शिरीं येतो. पण म्हणून त्यानें सांगणेंच सोडलें, तर घर कोणाच्या भरंवशावर उभें राहावें? तरुणपणीं विमान घेऊन झेंप घेण्याचें धैर्य सर्वांना दिसतें. जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, चहूंकडून घाई होत असतां, 'थांबा, आधीं विचार करा' म्हणावयाचें धैर्य कोणाला दिसत नाहीं.

मीं सही केली नाहीं. आईच्या आधीं ती करण्याचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कागद देवापुढें सही केलेला आढळला. मुलगा नमस्काराला वाकला तेव्हां वहिनी म्हणाल्या, "पराक्रम करून ये असें मी म्हणत नाहीं, बाळ. चुकीचें वाटेल तेथें वरच्यालाहि विचारायला भिऊं नकोस, एवढें केलेंस तरी पुरे."

तेवढ्यांत आकाशांत घरघर झाली. आम्हीं सर्वांनीं माना वर केल्या. वर पाहिलें नाहीं तें फक्त वहिनींनीं.