न विचारता शिकवणारी आजी

अंगणवाडीच्या भिंतीवर वारली चित्रं काढली, २६ जानेवारीला पोरांच्या डोक्याला मोरपिसं बांधली, की आदिवासी संस्कृती शिक्षणात आली असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. वारली लोक तिकडे पालघरचे, राज्याच्या पार पश्चिम टोकाला. इकडे, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या केळझरला येणाऱ्यांना सिद्धिविनायकाचं देऊळ ठाऊक असतं, जुना किल्ला ठाऊक असतो. पण इथून जवळच बोरचं जंगल आहे आणि सेलू तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांत गोंड कुटुंबं राहतात. त्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं पोर ज्या रीतीनं शिकतं, ती रीत अंगणवाडीत यायला हवी. चित्रं नाही आली तरी चालेल.

ती रीत मी पत्रावळी लावताना पाहिली. पावसाळा सरला की पळसाचं पान लावायला बरं असतं. कोवळं पान काडी टोचताच फाटतं. अशा दिवसांत एका पोरीची आजी पानांचा भारा घेऊन अंगणवाडीत येऊन बसते. आल्यावर ती मुलांना गोळा करत नाही, काही सांगत नाही, सरळ कामाला लागते. पळसाला पानं तीनच. त्यातलं मधलं मोठं आणि गोलसर, बाजूची दोन थोडी तिरपी. मधलं ती पत्रावळीच्या मध्यावर घेते, बाजूची कडेला लावते, बारकी पानं द्रोणासाठी वेगळी टाकते. पोरं आधी नुसती बघतात. बराच वेळ बघतात. मग कुणीतरी तिच्या हाताशी काडी सरकवतं. दुसरं भोकं पडलेली पानं बाजूला काढू लागतं. काही वेळानं लहान-मोठ्या पानांचे ढीग आपोआप लागलेले असतात. पूर्वशालेय शिक्षणाच्या पुस्तकात ज्याला वर्गीकरण आणि क्रमवारी म्हणतात, ते इथं कुणीही न सांगता होतं. पानं मोजताना आजी गोंडीत मोजते, उंदी, रंड, मुंद. घरी मराठीच बोलणारी पोरंही तिच्यामागून तसंच मोजतात.

एक गोष्ट मी फार बारकाईनं पाहिली आहे. आजीला जे आधीच माहीत आहे, ते ती पोराला विचारत नाही. आम्ही अंगणवाडीच्या ताया मात्र दिवसभर तेच करतो. हा रंग कोणता, हे फळ कोणतं, किती बोटं आहेत? उत्तर ताईला येतं हे पोरालाही कळतं. जंगलालगतच्या घरातून आलेलं पोर अशा वेळी गप्प होतं, आणि आम्ही नोंद करतो, ‘प्रतिसाद देत नाही’. तेच पोर आजीजवळ अर्धा तास हलत नाही. आजी त्याला विचारते तेव्हा खरंच काहीतरी हवं असतं: ‘काड्या सरल्या का रे?’ त्याचं उत्तर पोर पळत जाऊन, काड्या आणून देतं.

आणि काम खरं असतं. त्या दिवशीची खिचडी त्याच पत्रावळीवर वाढली जाते. टाका सैल पडला असेल तर खिचडी खालून गळते, आणि लावणाऱ्याला ते दिसतं. माँटेसोरीच्या साधनांतही हेच तत्त्व आहे, चूक साधनानंच दाखवावी, शिक्षकानं नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा झाली. महागड्या साधनांच्या जागी पानं, बिया, खडे आले. त्याच १९४५ मध्ये आमच्या जिल्ह्यात, सेवाग्रामला, नई तालीमचा विचार पूर्वबुनियादीपर्यंत, म्हणजे सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत पोचला. तरीही सेवाग्रामच्या इतक्या जवळ असून आमचा सारा वेळ वजन-उंची, आहार आणि मोबाइलवरच्या नोंदींत जातो, याची मला खंत वाटते.

एका आईनं मला सरळ विचारलं होतं, ‘‘ताई, माह्या पोरीले पत्रावयीच लावाले शिकवता का? आमी तं तेच करत आलो.’’ तिच्या प्रश्नाला मी फार मानते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं, त्यांना अक्षर हवंच, आणि ते देणं माझं काम आहे. पण पोरीनं पुढे पत्रावळी विकाव्यात म्हणून ती इथं पानं लावत नाही. लक्ष देऊन बघणं, हात लावणं, मोठ्यांच्या कामात आपलीही गरज आहे हे जाणवणं, एवढं ती तिथं कमावते. अक्षरंही मी आता तशीच देते. हजेरीची नावं मोठ्यानं म्हणत मुलांसमोर लिहिते, मध्ये कुणाला थांबवून विचारत नाही. आपलं नाव कुठं येतं ते पोरं स्वतःच शोधू लागतात.

न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ साली कोहांगा रेओ, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. आपली भाषा येणाऱ्या आज्या-आजोबांना त्यांनी बालवाडीत आणून बसवलं. ती माणसं पाहुणी म्हणून आली नव्हती. बालवाडी त्यांच्याच भरवशावर चालायची. आपल्याकडे मात्र आजीला एखाद्या दिवशी बोलवायचं, फोटो काढायचा आणि नारळ देऊन पाठवायचं, एवढंच होतं. माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या निधीतून अशा आजीला आठवड्यातल्या दोन दिवसांचं मानधन मिळावं, आणि हजेरीपटावर शिकवणाऱ्यांच्या रकान्यात तिचं नाव यावं. पानं लागायचे दिवस सरले की ती मोहफुलं घेऊन येईल, चारं-टेंभरं घेऊन येईल. त्या दिवसांत काय घ्यायचं ते तिनंच ठरवावं.