फडके

आमच्या माहेरी बिअर हा शब्दसुद्धा उच्चारला जात नसे. माझा थोरला भाऊ दारूपायी ऐन चाळिशीत गेला. त्यानंतर आईने तो विषयच घरातून हद्दपार केला आणि लग्न होऊन बंगळूरला आल्यावर मीही तो नेम मोडला नाही. त्यामुळे अमेरिकेत नोकरी करणारा माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी घरी बिअर तयार करतो, हे कळले तेव्हा आमचे दूरध्वनीवरचे बोलणे हवापाण्यापुरते उरले. तिकडे १९७८ साली संघराज्याच्या कायद्याने घरगुती बिअरला मुभा दिली, हे त्याने मला दोनदा सांगितले. पण माझी भीती कायद्याची नव्हतीच.

गेल्या उन्हाळ्यात तो मल्लेश्वरमच्या घरी आला. त्याच्या सामानातून नायलॉनच्या जाळीदार दोन पिशव्या निघाल्या. एक उशीच्या अभ्र्याएवढी, दुसरी ओंजळभर. "यात भाजी ठेवू का?" मी विचारले. तो हसला. मोठी पिशवी भरडलेल्या मोड आणलेल्या जवाची, लहान हॉप्सच्या फुलांची. मोठीत जव घालून ती ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायची. पिशवी ऐसपैस हवी; दाणे दाटीने बसले तर मधले कोरडेच राहतात. जाळी अशी हवी की कोंडा अडावा आणि रस अडू नये. भांड्याच्या तळाशी ताटली ठेवावी, नाहीतर नायलॉन जळते. हॉप्स उकळीत फुगतात, म्हणून लहान पिशवीही अर्धी रिकामी ठेवावी. इकडे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. पिशव्या सामानात चुकून राहिल्या होत्या.

मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. नाचणीला पाणी शिंपडण्याची वेळ झाली होती. रात्रभर भिजवून, यजमानांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या नाचणीला दुसऱ्या दिवशी पांढरे मोड फुटले होते. फडके निवडायची रीत आईची. नवे कापड घ्यायचे नाही, त्यात खळ असते. घेतलेच तर आधी उकळायचे. साबण लावायचा नाही, कारण वास धान्यात उतरतो. धुतल्यावर कडक उन्हात वाळवायचे. ओलसर घडी घातली की बुरशी आलीच.

मुलगा मागे उभा राहून पाहत होता. "आई, ही अर्धी बिअरच आहे," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

पण त्याचे खोटे नव्हते. ही नाचणी वाळवून, मंद भाजून दळली की तिला सारे बंगळूर रागी माल्ट म्हणते. बाळांना आणि आजाऱ्यांना ते देतात, कारण मोड येताना दाण्यात जे विकर जागे होते ते पिठूळपणा फोडते. लापशी पातळ राहते आणि पोटाला पोषण अधिक मिळते. जवाच्या पिशवीतही तेच विकर पिठाची साखर करते. आफ्रिकेत, विशेषतः युगांडात, नाचणीचीच बिअर करतात. दोन्ही वाटा फडक्यापर्यंत एकच असतात. पुढे एका वाटेवर दूध-गूळ भेटतो, दुसरीवर यीस्ट.

मला दादा आठवला. त्यालाही आईने याच रीतीने केलेले सत्त्व भरवले होते. त्याचे कुठे चुकले याचा शोध मी इतकी वर्षे बाटलीत घेत होते. मोड आलेल्या दाण्यावर किंवा गाळणाऱ्या कापडावर तो दोष ढकलता येईना. आणि दादाचा दोष मी मुलाच्या माथी मारत होते, हेही त्या क्षणी लख्ख दिसले. त्याला तसे सांगायला मात्र शब्द सुचले नाहीत. मी फक्त फडक्याची दोन टोके त्याच्या हाती दिली आणि आम्ही दोघांनी मिळून नाचणी सुपात पसरली.

जाताना तो मोठी पिशवी ठेवून गेला. मी पुढच्या खेपेची निम्मी नाचणी तीत बांधून पाहिली. नायलॉन ओल धरत नाही. दाणे वाळले, मोड आले नाहीत. पण भिजवून वाटलेल्या नाचणीचे दूध तीतून झरझर उतरले आणि कोंडा सगळा वर राहिला. मोडांना फडके, गाळायला पिशवी, अशी वाटणी मी करून टाकली.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा हे सारे त्याला सांगितले. मग क्षणभर थांबून विचारले, "तुझी या खेपेची कशी झाली?"

पलीकडून उत्तर यायला थोडा वेळ लागला.