करणारा आणि करवून घेणारा

सत्कृत्याविषयी बोलण्याची मराठीत एक नम्र रीत आहे. एखादे मोठे कार्य तडीस गेले की माणूस म्हणतो, 'देवाने ते माझ्याकडून करवून घेतले.' तेच कार्य फसले, तर तो म्हणतो, 'माझ्या हातून चूक झाली.' पहिल्या वाक्यातले प्रयोजक क्रियापद दुसऱ्या वाक्यात येत नाही. 'देवाने माझ्याकडून चूक करवून घेतली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ते उच्चारणारा श्रद्धाळू न ठरता निलाजरा ठरेल. पुण्याचे श्रेय वर पाठवावे आणि पापाचे ओझे स्वतःकडे ठेवावे, ही विषमता केवळ शिष्टाचाराची आहे, की तिच्या मुळाशी काही सत्य आहे?

पाणिनीने कर्त्याची व्याख्या स्वातंत्र्यावरून केली आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या स्वतंत्र कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्तृत्व बहाल केले. एका क्रियेचे दोन कर्ते आणि त्यांपैकी एक दुसऱ्याकडून करवून घेणारा, अशी ही व्यवस्था. गुरू शिष्याकडून पाठ म्हणवून घेतो, तेव्हा तिच्यात अडचण भासत नाही. शिष्याला मुकाट बसण्याची मोकळीक असतेच. परंतु करवून घेणारा सर्वशक्तिमान असेल, तर करणाऱ्याचे स्वातंत्र्य उरते कोठे? सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच प्रश्नाने कॅथलिक पंथातले दोन बलाढ्य संघ, डोमिनिकन आणि जेसुइट, एकमेकांसमोर उभे ठाकले. त्या वादाचा जो शेवट झाला, तो विचारांच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

प्रश्न मात्र त्याहून फार जुना. पेलाजियस या संन्यासवृत्तीच्या उपदेशकाचे म्हणणे असे होते की, देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे. संत ऑगस्टीनला (३५४–४३०) हे मान्य होणे शक्य नव्हते. त्याने स्वतःच्या इच्छेची दुर्बलता वर्षानुवर्षे अनुभवली होती. सत्य पटूनही पाऊल उचलत नाही, ही अवस्था त्याने अंतःकरणात पाहिली होती. त्याची आई मोनिका या काळात काय करीत होती? मुलाने भलता पंथ धरला तेव्हा आरंभी तिने त्याला आपल्या घरात थारा नाकारला. एका बिशपला तिने विनवले की, माझ्या मुलाशी वाद करा. त्याने नकार देऊन तिला प्रार्थनाच करीत राहण्यास सांगितले. ती मुलाला दोष देत होती आणि त्याच्यासाठी देवापुढे रडतही होती. सगळे देवाच्या हाती असेल, तर दोष कशाला द्यावा? सगळे मुलाच्या हाती असेल, तर देवाला कशासाठी आळवावे? ऑगस्टीनचे ३८६ साली मिलानमध्ये परिवर्तन झाले. पुढे ईश्वरविद्येने हजार वर्षे ज्या दोन सत्यांचा मेळ घालण्याचा यत्न केला, ती दोन्ही त्या आईच्या वागण्यात विनासायास एकत्र नांदत होती.

४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत नाकारले. ५२९ साली ऑरेंजच्या धर्मसभेने श्रद्धेचा आरंभदेखील कृपेनेच होतो असे सांगितले. पण देवाने कोणाला पापासाठी नेमून ठेवले आहे, ही कल्पनाही तितक्याच निग्रहाने झिडकारली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने या दोन टोकांना तत्त्वज्ञानाची बैठक दिली. देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो, अशी त्याची मांडणी होती. अटळपणे घडणारे तो अटळपणे घडवतो आणि मोकळेपणाने घडणारे मोकळेपणानेच घडवतो. म्हणून देवाने इच्छेला प्रेरणा दिली, तरी इच्छा मोकळीच राहते. ल्यूथरच्या बंडानंतर भरलेल्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ साली निर्णय दिला की, देवाने जागविलेली मानवी इच्छा त्याला साथ देते आणि मनात आणील तर नकारही देऊ शकते. कृपेवाचून गती नाही आणि नकाराची शक्तीही गेलेली नाही, या दोन्ही गोष्टी निश्चित झाल्या. त्या एकत्र कशा नांदतात, हे मात्र परिषदेने सांगितले नाही.

ते सांगण्याचे धाडस लुईस दे मोलिना या जेसुइट पंडिताने केले. १५८८ साली लिस्बनमध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा लॅटिन ग्रंथ 'कॉन्कॉर्डिया' या नावाने ओळखला जातो. या नावाचा अर्थच मुळी 'मेळ' असा आहे. त्याच्या विचाराचे मर्म मराठी व्याकरणातल्या संकेतार्थी वाक्यात सापडते: 'असे झाले असते, तर तसे झाले असते.' बायबलमध्ये कथा आहे की, दावीद कईला नगरात असताना त्याने देवाला विचारले, शौल राजा येथे चालून येईल काय, आणि इथले लोक मला त्याच्या स्वाधीन करतील काय? दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला. दावीद निघून गेला, म्हणून त्यांपैकी काहीच घडले नाही. तरीही देवाचे उत्तर खोटे नव्हते. मोलिनाने या प्रकारच्या जाणण्याला मध्यज्ञान म्हटले. जे जे संभवते त्याचे ज्ञान एका बाजूला, जे जे देवाच्या संकल्पाने प्रत्यक्ष घडते त्याचे ज्ञान दुसऱ्या बाजूला; आणि या दोहोंच्या मध्ये, कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपखुशीने काय करील याचे ज्ञान. देव इच्छेला ढकलत नाही. ती कोठे होकार देईल हे जाणून तो परिस्थिती आणि कृपा योजतो. कृपा फलद्रूप होते ती माणसाच्या संमतीने.

सालामांकाचा डोमिनिकन आचार्य डोमिंगो बान्येझ याला यात सृष्टिकर्त्याचा अवमान दिसला. माणसाचा होकार हीदेखील एक सत्ता आहे. तिचे मूळ देवात नसेल, तर जगात देवाने न निर्मिलेली एक वस्तू शिल्लक राहते, आणि नेमकी तीच सर्वांत मोलाची. शिवाय ज्या होकाराचा संकल्प देवाने अजून केलेला नाही, तो देवाला आधी कळावा तरी कशातून? म्हणून बान्येझच्या पक्षाने पूर्वप्रेरणेचा सिद्धांत मांडला. देव इच्छेला आधी खरोखरच हलवतो, आणि तीही तिच्या स्वभावाला धरून, म्हणजे मोकळेपणाने हलते. पुरेशी कृपा सर्वांना मिळते; पण प्रत्यक्ष कृती घडते ती फलदायी कृपेने, आणि ती आपल्या अंगच्या सामर्थ्यानेच फळते.

दोन्ही बाजूंचे दुखरे स्थान उघड आहे. एकाच घरात, एकाच संस्कारात वाढलेल्या दोन भावांपैकी एक सावरतो आणि दुसरा बुडतो. असे का, हे बान्येझला विचारले, तर अखेरचे उत्तर देवाच्या अगम्य निवडीत जाते, आणि बुडालेल्याला दोष देताना जीभ अडखळते. जी पुरेशी असून पुरत नाही, अशा कृपेची पुढे पास्कालने १६५६ सालच्या आपल्या पत्रांत खिल्ली उडवली, ती याच जागी. मोलिनाला विचारले, तर सावरलेल्याने साथ दिली असे उत्तर येते, आणि त्याच्या कृतज्ञतेत 'हे मी केले' असा अहंकाराचा बारीक कण शिरतो. पहिल्या मताने माणसाच्या पश्चात्तापाला धोका, दुसऱ्याने त्याच्या कृतज्ञतेला. दोन्ही पक्षांची तळमळ खरी होती. कारण पश्चात्ताप आणि कृतज्ञता यांपैकी एकही हरवले, तर धर्मजीवन उरत नाही.

भारतीय वाचकाला येथे श्रीवैष्णवांचे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर हे दोन न्याय आठवल्यावाचून राहणार नाहीत. माकडाचे पिलू आईला धरून राहते; मांजराच्या पिलाला आईच उचलते. साम्य मोठे आहे, पण भेदही ध्यानात घ्यावा. तिथे प्रश्न आहे तो कोणी कोणाला धरावे हा. स्पेनमधला प्रश्न असा की, पिलाने आईला धरले, तर त्या पकडीतले बळ कोणाचे?

वाद इतका पेटला की डोमिनिकन जेसुइटांना पेलाजियसचे अनुयायी म्हणू लागले आणि जेसुइट डोमिनिकनांना कॅल्व्हिनचे. १५९८ साली आठवे क्लेमेंट या पोपमहाराजांच्या आज्ञेने रोममध्ये चौकशी सुरू झाली. पुढे १६०२ पासून पोपांच्या समक्ष वादविवाद झडले. मोलिना १६०० साली वारला, बान्येझ १६०४ मध्ये, खुद्द क्लेमेंट १६०५ मध्ये. तरी वाद जिवंतच होता. अखेर पाचव्या पॉलनी १६०७ साली तो थांबवला, पण निकाल न देता. दोन्ही पक्षांनी आपापले मत शिकवावे, मात्र कोणीही दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. निर्णय योग्य वेळी दिला जाईल, असे त्यांनी सांगितले. तो आजतागायत दिला गेलेला नाही.

त्याच सुमारास जेसुइट संघाचाच फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात मराठी ओव्या रचीत होता; त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. रोममध्ये पंडितांना जो मेळ जमला नाही, त्याची उकल ओवीकडून कोणी अपेक्षिली नसेल. ओवी गावी आणि ऐकावी यासाठी असते. सामान्य श्रद्धावंताचा मार्गही तोच होता. तो देवाला आळवीत होता आणि स्वतःला बजावीतही होता.

अधिकार हाती असलेल्या पीठाने निर्णय टाळला, याला कोणी मुत्सद्देगिरी म्हणेल, आणि तिचा अंश त्यात असेलही. परंतु एका पक्षाला पाखंडी ठरवले असते, तर मोनिकेच्या दोन कृतींपैकी एक तरी अर्थशून्य ठरली असती. मुलाला बोल लावण्याचा हक्क तिला राहिला नसता, किंवा त्याच्यासाठी रडण्याचे कारण तरी उरले नसते. १६०७ च्या त्या आज्ञेने तर्काचे समाधान झाले नाही, पण आईचे दोन्ही अधिकार शाबूत राहिले. म्हणूनच 'देवाने करवून घेतले' आणि 'माझ्या हातून चूक झाली' ही दोन वाक्ये माणसाला एकाच तोंडाने, आणि खोटेपणा न करता, आजही उच्चारता येतात.