दगडांच्या राशी

3 मार्च
वेल्समधल्या स्वान्झीहून पहाटेच निघालो. ब्रिनामन गाव मागे पडलं की रस्ता वळणं घेत चढतो आणि डोंगर उघडा पडतो. ना झाड, ना कुंपण. इंग्रजीत ब्लॅक माउंटन, वेल्शमध्ये मनिद डी. हे सगळं ‘कॉमन’. आपलं गायरानच, असं मी आईला फोनवर सांगून टाकलं होतं. पण ते तितकंसं खरं नाही. इथे जमिनीला मालक आहे, मेंढ्या चारायचा हक्क मात्र खालच्या खोऱ्यातल्या शेतांकडे पिढ्यान्‌पिढ्या. नांगर इथे क्वचितच फिरला, म्हणून चार हजार वर्षांपूर्वी रचलेले दगडही अजून जमिनीच्या वरच दिसतात.

पुरातत्त्वीय पाहणी मार्चमध्येच, कारण पुढे ब्रॅकन नावाचं नेचं कमरेइतकं माजतं आणि पायाखालचं काही दिसत नाही. आम्ही सहा जण, तीस-तीस पावलांवर, एका रांगेत. उंचवटा दिसला की थांबायचं, लाल-पांढरी काठी टेकवून फोटो, जीपीएसचा आकडा, तक्ता भरायचा. आज एकूण अकरा नोंदी. त्यांतल्या निम्म्या ‘दगडांची रास, काळ अज्ञात’.

4 मार्च
धुकं. शेजारचा माणूस दिसेना. गाडीत बसून डबा खाल्ला आणि परतलो.

6 मार्च
दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं आणि सकाळी ज्या उतारावरून दोनदा गेलो होतो तिथे एक घर उगवलं. घर म्हणजे काय, नऊ पावलं लांब, चार पावलं रुंद असा चौथरा. वरची बाजू उतारात खणलेली, भिंतीच्या जागी गुडघ्याखाली येणारी गवताळ कड. मधोमध समोरासमोर दोन खाचा, बहुधा दारांच्या. आमच्या गटप्रमुख बाई म्हणाल्या, ‘हावोद’ असावं. उन्हाळ्यात गुरं घेऊन वर यायचं ते हावोद, हिवाळ्यात खाली राहायचं ते हेन्द्रे. आत उकिडवी बसून पाहिलं. वारा एकदम थांबला. जागा निवडणाऱ्याला डोंगर कळत होता.

तेवढ्यात चारचाकी मोटारसायकलवरून एक शेतकरी आला. त्याचा पहिला प्रश्न, “येताना फाटक लावलंत ना?” दुसरा, “तुमच्या यादीत आलं म्हणजे मला इथे मेंढ्या सोडायला बंदी का?” नाही म्हटल्यावर जरा सैलावला आणि खालच्या अंगाला, पाणथळीपलीकडे, एक जुनी कोर्लान म्हणजे मेंढवाडा दाखवून गेला. आमच्या नकाशावर ती नव्हती.

9 मार्च
कारेग गोख. खडकाळ माथा, पाय मुरगळायची शंभर ठिकाणं. 1944 च्या नोव्हेंबरात इथे वेलिंग्टन विमान आदळलं, आतले सहाही कॅनेडियन तरुण गेले. ॲल्युमिनियमचे तुकडे अजून तिथेच आहेत. लष्करी विमानांच्या अवशेषांना 1986 च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे खिळाही उचलायचा नाही. तक्त्यात हीसुद्धा ‘पुरातत्त्वीय जागा’च. लिहिताना हात थोडा अडखळला.

11 मार्च
फान फोएल. 781 मीटर. लिहितात ‘फ’, म्हणतात ‘व्ह’. माथ्यावरच्या कांस्ययुगीन थडग्याचं उत्खनन 2002-04 मध्ये झालं. दगडी पेटीत जळलेली हाडं, मातीचं भांडं आणि मेडोस्वीट या पांढऱ्या, वासाच्या रानफुलाचे परागकण. फुलं वाहिली असतील, किंवा हीच फुलं घातलेलं मधाचं मद्य ठेवलं असेल. मला फुलंच पटतात. नागपूरकडची माणूस आहे, तेरवी-दशक्रियेत वाढलेली.

नागपूरवरून आठवलं. जुनापाणीची शिळावर्तुळं लहानपणी सहलीत पाहिली होती, डबे खायला बसलो होतो त्यांवर. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1879 मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तिथल्या दगडांवरच्या वाट्यांसारख्या खळग्यांची दखल घेतली.

परतताना कड्यालगत आणखी एक रास. खालचे दगड शेवाळलेले, एकमेकांत रुतलेले. वरचे ताजे, कोरडे, कुठूनही आणून टाकलेले. मधे खड्डा, वाऱ्यापासून आडोसा म्हणून कुणीतरी उकरलेला. ही रास मी ओळखली. आठ वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर इथे आले होते. घाटात जाता-येता देवीसमोर दगड ठेवतात तसा मीही एक ठेवला होता, आणि फोटो काढला होता. तो दगड कोणता, हे कळणं शक्य नाही. तरी मी चार-पाच उचलून पाहिले.

संध्याकाळी आईचा फोन. “काही सापडलं का गं? सोनं-नाणं?”
“दगड.”
“इथे कमी होते?”

तक्ता भरला. हानी : आहे. स्वरूप : वरून दगडांची भर, मध्यभागी उकरणं. कारण : डोंगरावर येणारे लोक. तळाशी, नोंद करणाऱ्याचं नाव.